सावत्र आई की मावशी? एका बगळ्याच्या सिनेमावरून

जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा हातानं चितारलेला 'द बॉय अँड द हेरॉन' काल आईसोबत पुन्हा पाहिला. गोष्ट समजावताना एका शब्दाशी अडले. त्यातल्या महितो या मुलाची आई टोकियोत इस्पितळाच्या आगीत जाते आणि वडील तिच्याच धाकट्या बहिणीशी, नात्सुकोशी, लग्न करतात. मी 'सावत्र आई' म्हटलं, तर आई म्हणते, "अगं, मावशी ना ती त्याची?" काय म्हणावं?

– मावशीच. 'सावत्र' म्हटलं की मागोमाग 'सवत' आठवते, आणि इथे सवतीचा काही संबंधच नाही. 'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण काय उगाच पडली?

– म्हण मोठ्यांची आहे हो, तेराव्याला आलेल्या नातेवाइकांची. पोराला विचारा! मावशी हुबेहूब आईसारखी दिसते, हीच त्याची पंचाईत आहे. ती गरोदर, हा स्वतःच्या डोक्यात दगड मारून घेतो. दुसऱ्याला तिची ओळख देताना तो 'आई' नाही, 'मावशी' नाही, 'वडिलांना आवडणारी बाई' म्हणतो. तोंडावर 'नात्सुको-सान', म्हणजे नात्सुकोबाई. आणि बाळंतिणीच्या खोलीत एकदम 'नात्सुको-कासान', म्हणजे नात्सुकोआई. १४ जुलै २०२३ ला जपानात एका पोस्टरवर, ट्रेलरशिवाय लागलेला हा सिनेमा २०२४ चं ऑस्कर घेऊन गेला, तरी 'दुर्बोध' म्हणणारे कमी नाहीत. त्यातलं पक्ष्यांचं जग मलाही सगळं उलगडलेलं नाही. पण या दोन हाकांमधलं अंतर कानांनी ऐकलं तर पोराचं दुःख कळायला काही अडत नाही. म्हणून मराठीत आधी 'मावशी' ठेवलं, तर पुढे 'आई' म्हणण्यातला धक्काच जाईल.

– थोडं विषयांतर. नुसतं 'बगळा' म्हटलं की आपल्याला पांढरा दिसतो. सिनेमातला हा राखी बगळा, आणि लबाड. जपानीत बगळा 'सागी' आणि फसवणूकही 'सागी', लिपीत वेगळे, कानाला जवळजवळ एकच. आपल्याकडे बगळाभगत आहेच, तेव्हा त्याचं लबाड असणं मराठी माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

– धन्यवाद सगळ्यांना. आईला वाचून दाखवलं. तिच्या आजोळी अशीच एक होती, म्हणाली. थोरलीची मुलं तिला शेवटपर्यंत मावशी म्हणत. त्यांचं ऐकून तिची स्वतःची पोरंही तिला मावशीच म्हणायची.