पहिलीच्या पोरीला गणवेश किती घ्यायचे? दोन की पाच?

मानेवाड्याची आई
मुलगी यंदा पहिलीत जाते आहे. शाळेने यादी दिली: चौकडीचे फ्रॉक तीन, पांढरे पीटी ड्रेस दोन, मोज्यांच्या चार जोड्या, टाय, बेल्ट, काळे बूट, पांढरे बूट, मोनोग्रामचा स्वेटर. दुकानदाराने बेरीज करून ७,८४० रुपये सांगितले. नवरा म्हणतो, फ्रॉक पाचच घेऊन टाक, वर्षभर कटकट नको. माझं म्हणणं आहे, दोन फ्रॉक आणि एक पीटी ड्रेस बस झालं.

मागच्या वर्षी केजीला तीन घेतले होते. परवा कपाट आवरताना तिसरा हाती लागला. कॉलरखालचा पुठ्ठा तसाच, बाहीची टाचणीही तशीच. पोरीच्या अंगाला लावून बघितला तर गुडघ्याच्या चार बोटं वर. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, तो फ्रॉक कोणासाठी थांबणार होता?

आता हिशोब बघा. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा. बुधवार आणि शनिवार पीटी ड्रेसचे, म्हणजे चौकडीच्या फ्रॉकचे दिवस उरले १३३ च्या आसपास. पाच फ्रॉक घेतले तर एकेक जेमतेम २७ वेळा अंगावर चढणार. एका फ्रॉकचे साडेनऊशे रुपये आहेत. मला हे पटत नाही.

रात्रपाळीवाली
ताई, हिशोब बरोबर आहे, पण तो कोरड्या दिवसांचा आहे. आपल्याकडे नागपुरात शाळा उघडते जूनच्या शेवटी आणि लगेच झड लागते. मागच्या जुलैत सहा दिवस ऊन नव्हतं. माझ्याकडेही दोनच होते. पाणी बंद करून कूलर रात्रभर फ्रॉकवर सोडला. सकाळी वरचं कापड सुकलेलं, पण कमरेची दुहेरी पट्टी आणि खिसा ओलाच. इस्त्री फिरवली की वाफ निघायची आणि त्याबरोबर तो कुबट वास. तोच फ्रॉक पोरीला घालून पाठवला. आठवड्याने तिच्या कमरेभोवती लाल पट्टा उठला. डॉक्टरांनी सांगितलं, ओलसर कपड्याने झालंय.

मी रात्री ड्युटीवर असते, घरी सासूबाईंचे गुडघे दुखतात. रोज धुणं होणारच नाही. ज्या घरात दुपारी कपडे वाळत घालायला आणि संध्याकाळी काढायला माणूस आहे, त्या घराला दोन पुरतात. माझ्यासारखीला पाचच लागतात, त्याला उधळपट्टी म्हणू नका.

वर्धमाननगर, दोन पोरांचा बाप
रात्रपाळीवाल्या ताईंना अनुमोदन, आणि एक अनुभव जोडतो. 'आता दोन घेऊ, लागला तर तिसरा दिवाळीनंतर' असं मीही ठरवलं होतं. डिसेंबरमध्ये दुकानात गेलो तर त्या मापाचा माल संपलेला. शेवटी मिळाला तो दुसऱ्या लॉटचा. चौकडी तीच, पण निळा रंग एक छटा गडद. वर्गात बाईंनी पोराला उभं करून विचारलं, हा कुठल्या शाळेचा शर्ट आहे? सहा वर्षांचं पोर, घरी येऊन ढसाढसा रडलं. तेव्हापासून जूनमध्येच चार घेतो, पैसे गेले तर गेले.

मानेवाड्याची आई
बाईंनी असं वर्गासमोर विचारायला नको होतं. पण भाऊ, ती चूक बाईंची आणि दुकानाची. त्यासाठी आपण दरवर्षी दोन शर्ट जास्तीचे घ्यायचे का? ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, तसे शासनाचे आदेश आहेत. आपण गप्प बसतो म्हणून हे चालतं.

महाल, शिवणकाम
मी तीस वर्षांपासून शाळेचे कपडे शिवून राहिली आहे. दोन की पाच यावर तुम्ही भांडून राहिले, पण कपडा शिवला कसा आहे ते कोणीच पाहून नाही राहिलं.

रेडिमेड फ्रॉक उलटा करून बघा. बाजूच्या शिवणीत माया किती सोडली आहे? अर्धं बोट. खालची मोड एक इंच. तो वाढवायचा म्हटलं तर उसवायला कापडच नाही. मी लहान पोट्टीचा फ्रॉक शिवते तेव्हा दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवते, खाली तीन इंच मोड दुमडते आणि मागच्या पट्टीत इलास्टिक घालते. दिवाळीनंतर आई येते, मी मोड उसवते, एक इंच सोडते, इस्त्री मारते. जुन्या मोडीची रेघ थोडी दिसते, तिच्यावर बारीक लेस लावली की झालं. त्याच फ्रॉकात पुढचं अर्धं वर्षही निघते.

अन् एक हात जोडून सांगते, दोन माप मोठा घेऊ नका बाप्पा. खांद्यावरून घसरणारा फ्रॉक सावरता सावरता पोट्टीचं खेळणं बंद होते. संडासला गेली तर खालचा घेर ओला करून येते. लांबीत वाढ ठेवा, खांद्यात नाही.

हिंगणा तालुका, प्राथमिक शिक्षक
या धाग्यातल्या बहुतेकांची पोरं खाजगी शाळेत दिसतात, म्हणून आमची बाजू सांगतो. सरकारच्या 'समग्र शिक्षा' योजनेतून आमच्या सरकारी शाळेतल्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात, दोन्ही मिळून ६०० रुपये. एका फ्रॉकला साडेनऊशे वाचून थबकलो. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे गेली. कित्येक शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापं चुकलेली. डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय मागे घेऊन खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली.

'दोन पुरतात' हे मी रोज डोळ्यांनी बघतो, आणि कुठे पुरत नाहीत तेही बघतो. पावसाळ्यात दुसरीतली एक मुलगी सलग तीन दिवस आली नाही. घरी गेलो तर फ्रॉक दोरीवर, मुलगी दारात. आई म्हणाली, 'सर, वाळला नाही, रंगीत कपड्यात कशी पाठवू?' मी म्हटलं, 'जशी आहे तशी पाठवा.' लगेच आली, घरच्या पिवळ्या फ्रॉकात. त्या दिवसापासून आमच्या वर्गात झडीच्या दिवसांत कुठलाही कोरडा कपडा चालतो. किती गणवेश लागतात हे निम्मं शाळेच्या हातात आहे. शाळेने आठवड्यातून एक दिवस ढील दिली तर दोनवर वर्ष निघतं, नाही तर पाचही अपुरेच.

धरमपेठ, आजोबा
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण असहमत. आज पावसासाठी सूट, उद्या वाढदिवसासाठी. मग कोणाचा फ्रॉक किती महाग हे वर्गात दिसायला लागतं. गणवेश आहे म्हणूनच ते झाकलं जातं. तान्ह्या पोळ्याला मुलं नटून येतात, तेवढा एक दिवस पुरे.

हिंगणा तालुका, प्राथमिक शिक्षक
आजोबा, साडेनऊशेचा गणवेश ज्याला घेता येत नाही त्याचं काहीच झाकलं जात नाही. त्याचा विटलेला, बटण तुटलेला शर्ट सगळ्या वर्गाला दिसतोच. आणि जी मुलगी घरी बसली, तिच्यासाठी कुठली समानता?

धरमपेठ, आजोबा
घरी बसलेल्या मुलीबद्दल तुमचं बरोबर आहे. तेवढं मागे घेतो. वाढदिवसाचं नाही.

सक्करदरा
मला टायबद्दल बोलायचं आहे. नागपुरात जूनअखेरीस पाऊस लांबला तर पारा चाळिशीजवळ असतो. त्यात पॉलिस्टरचा शर्ट, गळ्यापर्यंत बटण आणि वर इलास्टिकचा टाय. माझा मुलगा घरी येतो तेव्हा मानेवर घामोळं असतं. सहा वर्षांच्या पोराला टाय कशाला? पालकसभेत आम्ही अकरा जणांनी सह्या करून दिलं, तेव्हा दिवाळीपर्यंत टायची सक्ती काढली. मागितलं की मिळतं.

रात्रपाळीवाली
पण सुती घेतलं तर झडीत आणखीच वाळत नाही! पॉलिस्टर निदान सकाळपर्यंत सुकतं तरी.

महाल, शिवणकाम
म्हणून टेरीकॉट घ्या, अन् आत बॉडीला पातळ सुती अस्तर. अंगाला सूत लागते, वरचं कापड लवकर सुकते. कमरेची पट्टी दुहेरी नका करू, एकेरीच ठेवा. ताई, तुमच्या पोट्टीला लाल पट्टा उठला तो त्या दुहेरी पट्टीनेच.

मानेवाड्याची आई
सगळं दोनदा वाचलं. पाच मी घेणार नाही, ते अजूनही पटत नाही. पण दोनवर अडून बसले होते ते सोडते, झडीचं माझ्या हिशोबात नव्हतं. तीन फ्रॉक, तिन्ही एकाच लॉटच्या कापडाचे. पीटीचा एकच ड्रेस; बुधवारचा शनिवारपर्यंत वाळतोच, नाही वाळला तर पोरगी चौकडीत जाईल आणि मी बाईंना डायरीत लिहून देईन. पांढरे बूट मोठ्या बहिणीच्या मुलीचे येतात. स्वेटर नोव्हेंबरमध्ये, थंडी पडेल तेव्हाच्या मापाने. टायसाठी पहिल्या पालकसभेत मी हात वर करणार.

काकू, चौकडीचं कापड सुटं मिळेल का?

महाल, शिवणकाम
शाळेचं नाव इथे नका लिहू, फ्रॉकचा एक तुकडा घेऊन गांधीबागेच्या कापडबाजारात जा. दुकानाच्या आत नका जुळवू, बाहेर उन्हात धरून जुळवा, ट्यूबलाइटखाली निळा फसवते. मिळालं तर तिन्हीचं एकदमच कापून घ्या. नाहीच मिळालं तर रेडिमेड आणा, खाली पट्टी जोडून लांबी काढून देईन.

मानेवाड्याची आई
रविवारी येते. केजीचा जुना फ्रॉक मापाला आणू का?

महाल, शिवणकाम
फ्रॉक नको, पोट्टीला आणा. माप अंगावरच घेते.