फ्रीजमध्ये जंतू मरतात का? सी विंगच्या ग्रुपवरची चर्चा

*देशमुख काका:* (फॉरवर्ड) फ्रीजमध्ये २४ तास ठेवलेल्या अन्नातले सर्व जंतू मरतात. कृपया जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा 🙏

*नेहा ३०३:* काका, हे चुकीचं आहे. थंडीत बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. लिस्टेरिया तर ४ अंशांवरही हळूहळू वाढतच राहतो.

*समीर:* नेहा कायम जंतूंच्या बाजूने 😄

*नेहा ३०३:* पगार त्यांच्याच जिवावर मिळतो.

*कुलकर्णी काकू:* पण एवढासा जीव, थंडी, उष्णता, मीठ, पोटातलं आम्ल हे सगळं सोसतो तरी कसा गं?

*नेहा ३०३:* काकू, तीच तर गंमत आहे. असा ताण आला की जंतूच्या पेशीतली प्रोटीन्स बिघडतात, त्यांच्या घड्या विस्कटतात. ती एकमेकांना चिकटून गोळे झाले की जंतूचं काही खरं नाही. म्हणून त्याच्याकडे प्रोटीन कापणारी एन्झाइमं असतात, प्रोटिएज म्हणतात त्यांना. बिघडलेलं प्रोटीन हुडकायचं, तुकडे करायचे आणि सुटलेली अमिनो आम्लं नव्या कामाला लावायची.

*देशमुख काका:* आपल्या पोटात पेप्सिन असतं, तेच ना?

*नेहा ३०३:* जात तीच, पण पेप्सिन समोर येईल ते कापत सुटतं. जंतूच्या आत असं एन्झाइम मोकाट सोडलं तर तो स्वतःच संपेल. त्यामुळे बंदोबस्त कडक असतो. क्लिप-पी नावाचं एन्झाइम घ्या. ७-७ तुकड्यांची दोन कडी एकमेकांवर बसून त्याची पोकळ नळी होते. कापण्याच्या १४ जागा, सगळ्या आतल्या बाजूला. तोंड इतकं अरुंद की घडी असलेलं प्रोटीन आत शिरतच नाही. तोंडाशी क्लिप-एक्ससारखा जोडीदार बसलेला असतो. कोणाला आत घ्यायचं ते तो ठरवतो, ऊर्जा खर्च करून त्या प्रोटीनची घडी उलगडतो आणि धागा आत सरकवतो.

*साने (सेक्रेटरी):* सर्वांना सूचना: उद्या सकाळी टाकी सफाई आहे. पाणी आजच भरून ठेवावे.

*समीर:* म्हणजे जंतूंच्या घरात टाकी सफाई बारा महिने चालू. पण सफाईने आपण आजारी कसे पडतो?

*नेहा ३०३:* कारण तीच एन्झाइमं हल्ल्यातही लागतात. लिस्टेरियाचंच बघ. आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळून एका पिशवीत कोंडतात. ती पिशवी फोडून तो बाहेर सटकतो, म्हणून तर आजार होतो. क्लिप-पी काढून टाकलेला लिस्टेरिया उंदरांना दिला तर त्याची आजार करण्याची ताकद जवळजवळ संपते. शिवाय एमपीएल नावाचं आणखी एक प्रोटिएज असतं. पिशवीतली आम्लता वाढली की ते कामाला लागतं आणि पडदा फोडणारं दुसरं एक एन्झाइम कापून चालू करतं. आपण त्याला मारायला आम्ल सोडतो आणि तो तेच इशारा म्हणून वापरतो!

*कुलकर्णी काकू:* अगं बाई, भलताच चलाख.

*नेहा ३०३:* माझा लाडका मात्र कॅम्पिलोबॅक्टर. कच्च्या चिकनमधून, न तापवलेल्या दुधातून येतो, जुलाब करतो. तसा नाजूक आहे. ३० अंशांखाली वाढत नाही, हवेतला ऑक्सिजनही त्याला सोसत नाही. त्याच्याकडे एचटीआरए नावाचं प्रोटिएज आहे. उष्णता आणि ऑक्सिजनमुळे बिघडलेली प्रोटीन्स ते आवरतं. इथवर सफाईच. पण कॅम्पिलोबॅक्टर हे एन्झाइम स्वतःच्या बाहेरही सोडतो. आपल्या आतड्याच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ती पकड ज्या प्रोटीन्सची, त्यातल्या ई-कॅडहेरिन आणि ऑक्लुडिनवर एचटीआरए घाव घालतं. दोन पेशींमधली फट उघडते, जंतू तिथून खाली उतरतो आणि पेशींच्या मागच्या अंगाने आत शिरतो. एचटीआरए नसलेल्या जंतूला हे नीट जमत नाही.

*देशमुख काका:* म्हणजे जितकी कापाकापी जास्त तितका जंतू घातक, असंच ना?

*नेहा ३०३:* नाही काका, साल्मोनेला तिथेच फसवतो. त्याच्यात लॉन नावाचं प्रोटिएज असतं. पेशीत घुसण्याची यंत्रणा चालू करणारी प्रोटीन्स ते कापतं, म्हणजे काम झालं की यंत्रणा बंद. लॉन काढून टाकलं तर साल्मोनेला उलट जास्त जोरात घुसतो. पण आत गेल्यावर पांढऱ्या पेशींमध्ये टिकत नाही. घुसायचं कधी थांबायचं हेही त्याला कळावं लागतं.

*शेख डॉक्टर:* यात भर घालतो. टायफॉइडच्या जंतूतून हेच एचटीआरए काढून त्याला लुळा केला आणि तोंडावाटे द्यायची लस म्हणून माणसांवर त्याची चाचणीही झाली आहे.

*कुलकर्णी काकू:* आणि ते बिघडलेल्या डब्यातल्या अन्नाचं विष? बोटॉक्स त्याचंच ना?

*शेख डॉक्टर:* हो, बोट्युलिनम. तेही प्रोटिएजच, जस्तावर चालणारं. हे १९९२ मध्ये कळलं. नसेकडून स्नायूला निरोप पोहोचवणारी प्रोटीन्स ते कापतं, म्हणून स्नायू लुळे पडतात. ८५ अंशांवर ५ मिनिटं नीट तापवलं तर हे विष निकामी होतं. त्या जंतूचे बीजाणू मात्र उकळूनही मरत नाहीत. डबाबंद अन्नाला दाबाखाली १२१ अंशांपर्यंत नेतात ते त्यासाठीच. फुगलेला डबा तापवत बसू नका, फेकून द्या. आणि घरात कोणी गरोदर असेल तर फ्रीजमधलं शिळं वाफा येईपर्यंत गरम करूनच द्या. लिस्टेरिया बाळापर्यंत पोहोचतो.

*समीर:* मग ही एन्झाइमंच बंद पाडणारं औषध का काढत नाहीत?

*नेहा ३०३:* बंद पाडणारी शोधतायत. पण २००५ मध्ये उलटा प्रकार समोर आला. एडीईपी नावाची संयुगं क्लिप-पीचं अरुंद तोंड उघडून टाकतात. जोडीदाराचा पहारा सुटतो आणि जंतू आपलीच चांगली प्रोटीन्स कापून मरतो.

*समीर:* भारीच! मग अडलंय कुठे?

*नेहा ३०३:* काही जंतू क्लिप-पीच टाकून देतात आणि औषधातून सुटतात. स्टॅफिलोकॉकस असं करतो. पण क्लिप-पी नसलेला स्टॅफिलोकॉकस आजार करण्यात कच्चा पडतो, म्हणून लोक अजून त्यामागे आहेत.

*देशमुख काका:* डॉक्टर, मग सध्या जुलाब झाले तर अँटिबायोटिक आणून ठेवू का?

*शेख डॉक्टर:* मुळीच नको. बहुतेक वेळा पाणी, मीठ, साखर योग्य प्रमाणात पुरतं. ओआरएसची पाकिटं आणून ठेवा. रक्त पडलं, ताप उतरेना किंवा लघवी कमी झाली, तर ग्रुपवर विचारू नका, सरळ दवाखाना गाठा.