दादाच्या मांडीतल्या गाठीचा रिपोर्ट सार्कोमा आलाय, आधी केमो की ऑपरेशन? (मदत हवी आहे)

सायली_र
दादाच्या मांडीतली गाठ मागच्या महिन्यात काढली. सगळे चरबीची गाठ म्हणत होते. रिपोर्ट सार्कोमा आला, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा ठिकाणी होणारा कर्करोग. ज्यांनी काढली ते सर्जन म्हणतात, पुढच्या आठवड्यात या, पुन्हा उघडून आजूबाजूचं काढून टाकू. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणतात, ऑपरेशन राहू दे, आधी केमो सुरू करा. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, ज्यांनी हात लावलाय त्यांनीच पूर्ण करावं. वहिनी कुणाशीच बोलत नाही, रात्रभर मोबाइलवर वाचत बसते. मला एवढंच सांगा, आधी केमो की आधी ऑपरेशन? ज्यांनी यातून काढलंय त्यांनीच लिहा. लवकर उत्तर हवंय.

कोरांटी
ताई, सार्कोमा कोणता? नुसत्या सार्कोमा या शब्दावर कुणालाच उत्तर देता येणार नाही, ७० च्या वर प्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी. दादाचं वय? गाठ केवढी होती? कातडीखालीच होती की स्नायूत खोल? काढलेल्या गाठीच्या कडा साफ निघाल्या का, म्हणजे कडेला कर्करोगाच्या पेशी नव्हत्या ना? काढायच्या आधी एमआरआय झाला होता का?

सायली_र
वय ३४. रिपोर्टमध्ये हाय ग्रेड, म्हणजे वेगाने वाढणारी, असं लिहिलंय. बाकी आम्हाला कळण्यासारखं त्यात काही नाही. मला प्रकार विचारायचा नाहीये, आधी काय करायचं ते विचारतेय.

जुना_वाचक
माझ्या मेहुण्याला गुडघ्याजवळ झाला होता. पाय काढला. आज तो कामावर जातो, मुलांची लग्नं केली. पाय वाचवायच्या नादात माणूस जातो, हे मी जवळून पाहिलंय. हाय ग्रेड असेल तर वेळ घालवू नका.

विभावरी
जुना_वाचक, मेहुण्यांचा हाडाचा होता की मांसातला?

जुना_वाचक
हाडाचा. ऑस्टिओसार्कोमा. आधी केमो, मग पाय, मग परत केमो.

विभावरी
मग तो वेगळा आजार झाला. ऑस्टिओसार्कोमात आणि युइंग नावाच्या दुसऱ्या सार्कोमात केमो हा उपचाराचा कणाच आहे, त्याबद्दल वाद नाही. मांसातल्या सार्कोमात मुख्य उपचार म्हणजे नीट आखलेलं ऑपरेशन, मोठी किंवा खोल गाठ असेल तर जोडीला रेडिएशन, आणि केमो कुणाला द्यायची हे प्रकार बघून ठरतं. पाय काढण्याचं म्हणाल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८२ साली ४३ रुग्णांचा अभ्यास छापला होता. काहींचा हात किंवा पाय काढला, काहींचा अवयव ठेवून गाठ काढली आणि रेडिएशन दिलं. अवयव ठेवलेल्यांत गाठ जागेवर परतण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, पण जगण्यात फरक पडला नाही. तेव्हापासून शक्य तिथे अवयव वाचवतात. एका घाबरलेल्या बहिणीला पहिल्याच दिवशी पाय काढा सांगू नका हो.

जुना_वाचक
मी अनुभव सांगितला. अभ्यास तुम्ही सांगा.

शांतचित्त
साखर पूर्ण बंद करा. कर्करोगाच्या पेशी साखरेवरच जगतात. केमोने माणूस खचतो, त्याआधी तीन महिने आहार बदलून बघा.

कोरांटी
तीन महिने? हाय ग्रेड गाठीला? शांतचित्त, हे कृपा करून इथे लिहू नका. शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते, खाण्यातली साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. उलट उपचाराच्या काळात वजन उतरलं तर केमो पुढे ढकलावी लागते आणि जखमही भरत नाही. सायली, दादाला पोटभर आणि भरपूर प्रथिनं असलेलं जेवू द्या.

निळीशाई
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सायली, रिपोर्टमधल्या शेवटच्या परिच्छेदातले शब्द जसेच्या तसे मराठी अक्षरांत लिहा. दादाचं नाव, लॅबचं नाव, नंबर टाकू नका. फोटोही नको.

सायली_र
ठीक आहे. "स्पिंडल सेल सार्कोमा, हाय ग्रेड. ७ बाय ५ बाय ४ सेंटिमीटर. डीप मार्जिन इन्व्हॉल्व्ड. अ‍ॅडव्हाइस आयएचसी." एमआरआय नव्हता केला, फक्त सोनोग्राफी. गाठ खोल होती, स्नायू बाजूला करून काढली असं सर्जन म्हणाले. ते आयएचसी करून घ्या असं कुणी सांगितलंच नाही, आणि रिपोर्ट इंग्रजीत होता म्हणून आम्हीही बघितलं नाही. आता सगळं सांगितलं. केमो की ऑपरेशन?

निळीशाई
आता उत्तर देता येईल, आणि ते असं की आत्ता दोन्ही नाही. डीप मार्जिन इन्व्हॉल्व्ड म्हणजे गाठीच्या खोल कडेला कर्करोगाच्या पेशी आहेत. आणि स्पिंडल सेल सार्कोमा हे निदान अर्धवट आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी लांबट, चातीसारख्या दिसतात एवढाच त्याचा अर्थ. तशा पेशी सायनोव्हियल सार्कोमात दिसतात, लायोमायोसार्कोमात दिसतात, मज्जातंतूच्या आवरणाच्या गाठीत दिसतात, आणखीही बऱ्याच ठिकाणी दिसतात. आयएचसी म्हणजे त्याच गाठीच्या पातळ कापांवर वेगवेगळी प्रथिनं रंगवून पेशी कुठल्या कुळातल्या आहेत हे शोधणं. तेवढ्याने भागलं नाही तर जनुकांची चाचणी, फिश म्हणतात तिला.

यासाठी दादाला परत टोचावं लागत नाही. काढलेल्या गाठीचे तुकडे लॅबमध्ये मेणात बसवलेले असतात, प्लास्टिकच्या बोटभर डबीत एक पांढरा चौकोन, कडेला नंबर. त्यांना ब्लॉक म्हणतात. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. अर्ज द्या, सही करा, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही घ्या. नुसत्या स्लाइड आणल्या तर पुढची लॅब नवे काप काढू शकत नाही आणि तुमची फेरी फुकट जाते. घेताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी ताडून बघा. उन्हात, गाडीच्या काचेशी ठेवू नका, मेण वितळतं. मग ज्या केंद्रात सार्कोमा रोज पाहिला जातो तिथल्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या. या आजारात दुसऱ्या नजरेने निदान बदलणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

भटक्या_विमुक्त
पेट स्कॅन करा सरळ. एका फटक्यात डोक्यापासून पायापर्यंत सगळं कळतं. आमच्याकडे आईचं पेटवरच कळलं.

विभावरी
आईंना कशाचा होता?

भटक्या_विमुक्त
आतड्याचा. पण कॅन्सर तो कॅन्सर.

विभावरी
नाही ना. सार्कोमा पसरला तर बहुतेक वेळा रक्तातून फुप्फुसात जातो, म्हणून छातीचा सीटी आधी लागतो. बारीक ठिपके त्यात पेटपेक्षा चांगले दिसतात. आणि मांडीचा एमआरआय आता तरी हवाच. ऑपरेशननंतरची सूज आणि साचलेलं पाणी यामुळे चित्र गढूळ येतं, तरी कुठे काय उरलंय, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू किती जवळ आहेत हे त्याशिवाय कळणार नाही. पेट काही प्रकारांत उपयोगी आहे, पण तो डॉक्टरांना ठरवू द्या.

पारिजात_८१
धागा वाचून घाबरले. माझ्या मानेवर मऊ गाठ आहे, दहाएक वर्षं आहे तेवढीच आहे. हलते. मलाही एमआरआय करावा लागेल का?

कोरांटी
पारिजात, वर्षानुवर्षं तेवढीच, मऊ आणि हलणारी गाठ बहुधा साधी असते. एकदा दाखवून घ्या, झोप उडवू नका. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, वाढत जाणारी, खोल, किंवा काढूनही परत आलेली, यातलं काहीही असेल तर मात्र आधी स्कॅन, मग ट्रूकट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने छोटा तुकडा काढून तपासणं, आणि मगच चाकू. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, सार्कोमाच्या कितीतरी गाठी दुखतच नाहीत. सायलीच्या दादाची गाठ ७ सेंटिमीटर आणि खोल होती, म्हणजे सोनोग्राफीवर थांबायलाच नको होतं.

सायली_र
हे वाचून आईला रडू आलं. आता काढलीये ती काढलीये. त्या सर्जननी वाकडं केलं का? आता फार उशीर झाला का?

कोरांटी
उशीर झालेला नाही. असं न आखता झालेलं ऑपरेशन जगभर घडतं, कारण साध्या गाठी फार आणि सार्कोमा फार थोडे, मोठ्या माणसांच्या एकूण कर्करोगांत जेमतेम १ टक्का. त्यावर ठरलेला मार्ग आहे. निदान पक्कं करायचं, स्कॅन करायचे, आणि जुना व्रण, पाणी काढायच्या नळीचं (ड्रेनचं) भोक, जिथे जिथे हात लागला ती सगळी जागा एकसंध धरून पुन्हा काढायची. बऱ्याच रुग्णांत दुसऱ्या वेळी उरलेल्या पेशी सापडतात, दादाच्या तर कडेलाच आहेत, म्हणून ते टाळता येणार नाही. पण ते त्याने करावं ज्याचा यात हात बसलाय. पुढच्या आठवड्यात त्याच टेबलावर पुन्हा झोपण्यापेक्षा ते दिवस योग्य टीमपर्यंत पोहोचण्यात घालवा. माझ्या नवऱ्याच्या वेळी आम्ही हेच केलं. मात्र आजपासून कामाला लागा, महिनोन्‌महिने काढू नका.

सायली_र
योग्य टीम शोधायची कशी? सगळीकडे पाटी तीच असते, कॅन्सर सर्जन.

कोरांटी
पाटी बघू नका, प्रश्न विचारा. मी फोन करून स्वागतकक्षातच विचारायचे: तुमच्याकडे सार्कोमाचे किती रुग्ण येतात? सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस ठरवतात का, आणि कुठल्या वारी? त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. जिथे हा प्रश्न विचारल्यावर पलीकडचा माणूस गोंधळत नाही, तिथे जा. गाडीने लांब जावं लागलं तरी निदान आणि आराखडा तिथलाच घ्या. केमोची सलाईन पुढे जवळच्या ठिकाणी त्यांच्याच आराखड्याप्रमाणे घेता येते. ऑपरेशनच्या बाबतीत मात्र ही तडजोड करू नका.

शांतचित्त
मोठ्या ठिकाणी माणसाला नंबर करून टाकतात.

निळीशाई
गर्दी असते, खरं आहे. तरी रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला पर्याय नाही. सायली, फाइल एका क्रमाने लावा: सोनोग्राफी, ऑपरेशनची नोट, पॅथॉलॉजी, मग बाकीचं. ऑपरेशनची नोट विसरू नका, कुठून शिरले आणि गाठ अखंड निघाली की फुटली हे त्यातच असतं. डिस्चार्ज कार्डावर ते नसतं.

सायली_र
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांनी विचारपूस केलीत म्हणून. ब्लॉक आणि स्लाइड घेऊन सार्कोमाच्या केंद्रात गेलो. फिशमध्ये एसएस१८ हे जनुक तुटलेलं आलं, म्हणजे सायनोव्हियल सार्कोमा, ग्रेड ३. छातीचा सीटी स्वच्छ आहे. एमआरआयमध्ये हाडाच्या बाजूला थोडं उरल्यासारखं दिसतंय. बोर्डाने सांगितलं, आधी केमो, डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फमाइड, मग रेडिएशन, मग ऑपरेशन. म्हणजे केमोवाले डॉक्टर बरोबर होते ना? मग इतका वेळ का घालवला, असं बाबा विचारतात.

विभावरी
सीटी स्वच्छ आला, फार बरं वाटलं. बाबांना सांगा, तेव्हा ते डॉक्टर प्रकार माहीत नसताना बोलत होते. सायनोव्हियल हा मांसातल्या सार्कोमांपैकी केमोला तुलनेने चांगली दाद देणारा प्रकार आहे. दुसरा एखादा निघाला असता तर तीच केमो दादाने उगाच सोसली असती. पण रेडिएशन ऑपरेशनच्या आधी का? मी नंतरच घेतलं होतं, जखम छान भरली.

कोरांटी
विभावरी, दोन्ही चालतं, पण आधी देण्याला कारण आहे. आधी दिलं तर साधारण ५० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप) पुरतात, ५ आठवडे, आणि क्षेत्र लहान असतं. नंतर दिलं तर ६० ते ६६ ग्रे लागतात आणि क्षेत्रही मोठं. कॅनडातल्या २००२ च्या अभ्यासात आधी दिलेल्यांत जखमेच्या तक्रारी ३५ टक्के होत्या, नंतर दिलेल्यांत १७ टक्के. म्हणजे तुमचं म्हणणं आकड्यांत आहेच. पण जखम कधीतरी भरते. पाय कायमचा कडक होणं, सूज राहणं हे नंतर दिलेल्यांत जास्त दिसलं. ३४ वर्षांच्या माणसाला हा पाय पुढे कितीतरी वर्षं वापरायचाय.

विभावरी
माझा गुडघा अजून पूर्ण वाकत नाही, ते यामुळे असेल का कोण जाणे. सायली, तुम्ही त्यांना जखमेबद्दल मात्र खोदून विचारा. मांडीत आतल्या बाजूला असेल तर त्रास जास्त होतो. प्लास्टिक सर्जन सोबत असणार का, हेही विचारा.

निळीशाई
एक विचारते, राग मानू नका. दादा-वहिनींना मूल हवंय का अजून? केमोच्या आधी कुणी काही बोललं का?

सायली_र
नाही. त्यांना मूल नाहीये अजून. का?

निळीशाई
आयफॉस्फमाइडने शुक्रपेशींवर परिणाम होऊ शकतो, कधी कायमचा. पहिल्या सलाईनच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येतं, एक-दोन दिवसांचं काम असतं. गडबडीत हे राहून जातं आणि घरात कुणी विषय काढत नाही. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. डॉक्सोरुबिसिनसाठी हृदयाची टू-डी इको आणि आयफॉस्फमाइडसाठी मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्यात का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

सायली_र
मला दादाशी हे बोलता येईना, वहिनीलाच वाचायला दिला तुमचा प्रतिसाद. पहिल्यांदा ती स्वतःहून बोलली, डॉक्टरांना फोनही तिनेच केला. दोघं जाऊन आले. इको झाली, ठीक आहे. सोमवारी पहिली केमो.

जुना_वाचक
सायलीताई, पहिल्या प्रतिसादात मी जोर लावून लिहिलं, काळजीपोटीच लिहिलं होतं. आता एक कामाचं सांगतो. फिजिओथेरपिस्टला ऑपरेशननंतर नाही, आत्ताच भेटा. रेडिएशन चालू असताना गुडघा आणि कंबर रोज पूर्ण हलती ठेवायची. मेहुण्याला कृत्रिम पायावर उभं करणारी बाई होती ना, ती म्हणायची, स्नायूत आधी जेवढी ताकद साठवाल तेवढीच नंतर कामाला येते. आणि केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला तर घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्री कितीही वाजले असोत, दवाखाना गाठा. त्यांचा रात्रीचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा.

सायली_र
नंबर घेतला, दादाच्या, वहिनीच्या आणि माझ्या, तिघांच्या फोनमध्ये घातला. फिजिओचं सोमवारीच विचारते. कुणी डॉक्सोरुबिसिन-आयफॉस्फमाइड घेतली असेल तर दवाखान्यात किती दिवस राहावं लागलं आणि लघवीतून रक्त येऊ नये म्हणून जे औषध देतात त्यासोबत पाणी किती प्यायला सांगितलं होतं, ते लिहा.