चर्च बंद ठेवणं म्हणजे अविश्वास?
कोरोनाच्या काळात चर्चला कुलूप लावलं म्हणजे विश्वास डळमळला, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा तिथले धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गाव सोडून गेले नाहीत, आजाऱ्यांना घरात ठेवून घेतलं. पण त्यांनीच लिहिलं की औषध घ्या, धुरी द्या आणि जिथं आपली गरज नाही तिथं जाऊ नका.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकला शरणपूर रोडच्या बाजूला आम्ही तिघं-चौघं डबे पोचवायचो. फाटकाला पिशवी अडकवायची, मिस्ड कॉल द्यायचा, मागे सरकायचं. (वरण सांडायचंच थोडं.) एक आजी मात्र डबा उचलण्याआधी प्रार्थना करायलाच लावायच्या. रस्त्यावरून, मास्कमधून, ओरडून. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ‘आमेन’ दोनदा म्हणावं लागायचं.