लॅपटॉपची रॅम ८ वरून १६ जीबी करायचीय, २४०० स्पीडची घ्यावी की ३२०० ची?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. मी भाषांतराचं काम करते, ब्राउझरच्या वीस-पंचवीस टॅब, एक जाडजूड वर्ड फाइल आणि शब्दकोशाचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं की लॅपटॉप अक्षरशः गुदमरतो, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर जाते आणि टाइप केलेलं अक्षर उमटायलाही वेळ लागतो. एसएसडी आधीच टाकलीय. प्रोसेसर आय५-८२५०यू, रॅम ८ जीबी डीडीआर४. टास्क मॅनेजर म्हणतो दोनपैकी एकच स्लॉट वापरात आहे, स्पीड २४००. पण सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर घेतलं तर त्यात ११९७ दिसतंय! म्हणजे आत्ताची रॅम अर्ध्याच वेगाने चालतेय का? आणि नवीन बघायला जावं तर जिकडे तिकडे ३२०० च दिसते, ती लावली तर जुनीशी पटेल का, मदरबोर्डला काही होणार नाही ना? हाच लॅपटॉप अजून दोन-तीन वर्षं चालवायचाय म्हणून आधी विचारतेय.

जुनाखिळा:
काळजी करू नका, रॅम बरोबर चालतेय. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, सीपीयू-झेड तो मूळ ठोका दाखवतं, ११९७ गुणिले दोन म्हणजे जवळपास २४००. हा प्रश्न प्रत्येकाला पडतो.

आता मुद्द्याचं. जुळायला हवी ती पिढी, स्पीड नंतर बघा. तुमची डीडीआर४ आहे म्हणजे डीडीआर४च, आणि लॅपटॉपची, म्हणजे सोडिम, २६० पिनांची. डेस्कटॉपची डीडीआर४ लांब असते, तिला २८८ पिना, ती स्लॉटच्या आसपासही जात नाही. डीडीआर३ची सोडिम २०४ पिनांची, डीडीआर५ची २६२, आणि खाचेची जागा प्रत्येकीत वेगळी ठेवलीय ती मुद्दामच, चुकीची पिढी बसूच नये म्हणून. त्यामुळे एखादी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बसत नसेल तर जोर लावू नका, थांबा आणि लेबल वाचा.

३२०० लावली तर काही जळत नाही. ती खाली उतरून २४०० वर चालेल, कारण तुमच्या प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलरच, डीडीआर४ २४०० पर्यंतचा आहे. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, एसपीडी म्हणतात, त्यात ही स्टिक कुठल्या कुठल्या वेगाला चालते ते लिहिलेलं असतं, लॅपटॉप चालू होताना बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, ते वाचतो आणि सगळ्यांना झेपेल तो वेग धरतो. म्हणून जास्तीच्या आकड्यासाठी जास्त पैसे घालवू नका, पण तीच सहज मिळत असेल तर बिनधास्त घ्या. फक्त १.२ व्होल्टची साधी घ्या. एक्सएमपीवाल्या, म्हणजे जास्त वेगाची तयार सेटिंग आत साठवलेल्या, गेमिंगच्या काही स्टिकचा जाहिरातीतला वेग १.३५ व्होल्टवर असतो, बहुतेक लॅपटॉपच्या बायॉसमध्ये ते चालू करायची सोयच नसते.

रातकिडा:
ब्रँड सेम हवा असं काही नाही. पण मागचं झाकण उघडून जुन्या स्टिकचं लेबल एकदा वाचाच, फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअरपेक्षा मी लेबलवर जास्त भरवसा ठेवतो.

पाटीपेन्सिल:
व्होल्टेजचं हलक्यात घेऊ नका, मला चांगलाच अनुभव आलाय. माझा जुना लॅपटॉप डीडीआर३एलचा होता, १.३५ व्होल्टचा, आणि मला मिळाली साधी डीडीआर३, १.५ व्होल्टची. पिना तितक्याच, खाच तिथेच, स्टिक टक्कन बसली. बटण दाबलं तर पंखा फिरतोय, लाइट लागलाय आणि स्क्रीन काळीच. दोन दिवस मी मदरबोर्ड गेला म्हणून हळहळत होतो, आणि लेबलवर पीसी३ च्या पुढे एल नव्हता एवढंच कारण! डीडीआर४ मध्ये ही भानगड नाही, पण ज्यांचे लॅपटॉप त्याआधीचे आहेत त्यांनी तो एल बघूनच पैसे द्यावेत.

निळीशाई:
सगळ्यांचे आभार. झाकण उघडलं, स्क्रू निघाले तरी कडा सुटेना, शेवटी जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवत सरकवत सगळीकडून सोडवलं. लेबलवर असं आहे: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-एसए१-११. यातलं काय काय जुळवायचं? आणि ८ घेऊ की एकदम १६?

जुनाखिळा:
१आर म्हणजे एक रँक, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपचा एकच गट, एक्स८ म्हणजे प्रत्येक चिप ८ बिट रुंद, अशा आठ चिप मिळून ६४ बिट. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २४०० हा वेग, टी ही लेटन्सीची, म्हणजे डेटा यायला किती ठोके लागतात त्याची, खूण म्हणजे १७-१७-१७, आणि एसए१ मधला एस म्हणजे सोडिम. नवीन स्टिकवर पीसी४-२५६०० असं दिसलं तर घाबरू नका, ती ३२०० च आहे, तो आकडा सेकंदाला किती मेगाबाइट ते सांगतो, ३२०० गुणिले ८. १आरएक्स८ मिळाली तर उत्तम, एक्स१६ पण चालते पण ती जरा मंद असते.

तुमच्या कामाला ८+८ पुरे आहे, दोन्ही सारख्या असल्या की पूर्ण ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे प्रोसेसर दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरतो. ८+१६ पण चालतं, त्यात पहिले १६ जीबी ड्युअलमध्ये आणि वरचे ८ सिंगलमध्ये चालतात, नुकसान काही नाही. प्रोसेसर ३२ पर्यंत घेतो, तरी तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये कमाल किती लिहिलंय ते बघून घ्या, शेवटचा शब्द त्याचा.

लावताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, नाहीतर विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या आणि स्टिक कडांनीच धरा. तिरकी घालायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत जाऊ द्यायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिप टक् वाजल्या पाहिजेत. बहुतेक वेळा "रॅम खराब निघाली" म्हणतात तेव्हा ती अर्धवटच बसलेली असते.

निळीशाई:
झालं एकदाचं! ८ जीबी ३२०० ची १आरएक्स८ घेतली. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा स्क्रीन नेहमीपेक्षा जास्त वेळ काळी राहिली, पोटात गोळाच आला, मग आपोआप चालू झाला. टास्क मॅनेजरमध्ये १५.९ जीबी, स्पीड २४००, सीपीयू-झेडमध्ये चॅनलसमोर ड्युअल. रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावून झोपले, सकाळी तपासणीच्या चार फेऱ्या पूर्ण आणि एरर शून्य. आता सगळं उघडं ठेवूनही मेमरी ६० टक्क्यांच्या आसपास राहते, अक्षरं बोटांबरोबर उमटतायत. खूप खूप आभार.

कोरीवही:
मधेच विचारतो, माझ्या पातळ लॅपटॉपमध्ये टास्क मॅनेजर फॉर्म फॅक्टरसमोर सोडिम न दाखवता रो ऑफ चिप्स दाखवतोय, याचा अर्थ काय?

रातकिडा:
रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. काही मॉडेलमध्ये सोल्डर केलेलीसोबत एक रिकामा स्लॉट पण असतो, झाकण उघडायच्या आधी मॉडेल नंबर टाकून मॅन्युअलमध्ये मेमरीचं पान बघ. स्लॉट नसेल तर वाढवता येणार नाही.