मदत हवी आहे: बी.एड.च्या वर्गासाठी घरगुती प्रयोग

नमस्कार मंडळी. मी नागपुरात बी.एड.ला विज्ञान अध्यापन पद्धती शिकवते. यंदा भावी शिक्षकांना घरीच प्रयोग करून वही आणायला सांगणार आहे. पुढे ज्या शाळांत जातील तिथे परीक्षानळी मिळेलच असं नाही.

हळदीच्या पाण्यात साबण घातला की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळं, हे सगळ्यांना पाठ आहे. मला हवेत पाठ उत्तराला तडा देणारे प्रयोग. उदा. ताटलीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती ठेवून वर ग्लास पालथा घालायचा. पाणी आत चढलं की "ऑक्सिजन संपला" असं उत्तर झटकन येतं. नीट बघा, पाणी भराभर चढतं ते ज्योत विझताना, कारण तापलेली हवा थंड होऊन आकसते. मग वर्गात जी वादावादी होते, तीच मला हवी!

आपला कूलर मे महिन्यात गारवा देतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट, हाही विषय डोक्यात आहे, पण तो वहीत मोजून कसा दाखवायचा?

असे आणखी प्रयोग सुचवा. सामान स्वयंपाकघरातलंच हवं, आणि शक्यतो बिनविस्तवाचं (होस्टेलवर मेणबत्तीलाही कुरकुर होते). शिवाय गुण निरीक्षणाला जास्त द्यावेत की स्पष्टीकरणाला? तुम्ही कसे देता?