तुरीच्या सोल्यांचं (ओल्या दाण्यांचं) सोलेभात सोडून काय करता?

हिवाळी_डबा:
सध्या नागपूरच्या कॉटन मार्केटात तुरीच्या शेंगा मस्त भरलेल्या येऊन राहिल्या, मी दर रविवारी पिशवीभर आणते. पण दोघंही नोकरीवाले, घरी यायलाच सात वाजतात आणि मग दरवेळी सोलेभातच होतो. घरात तांदूळ, जाड बेसन, जवस, फल्लीदाणे (शेंगदाणे) असतेच, वांगी न सांबारही (कोथिंबीर) स्वस्त आहे. मसाल्याचं पाकीट न फोडता काय करता येईल? आणि टमाटर टाकून भाजी केली की सोले कडक लागतात, ते काऊन?

महालची_काकू:
अगं आंबट पडलं की दाणा लवकर शिजत नाही, म्हणून टमाटर, चिंच जे काय असेल ते सोले मऊ झाल्यावरच टाकजो. आता रस्सा सांगते. वाटीभर सोले कोरड्या कढईत डाग पडेपर्यंत भाज, त्यातच चार हिरव्या मिरच्या, 7-8 लसणाच्या पाकळ्या न थोडं जिरं, थंड झालं की मिक्सरमधे जाडंभरडं फिरव, अगदी गंध नको करू. फल्लीच्या तेलात कांदा परतला की हे वाटण टाकून चांगलं खमंग परत, मग हळद, मीठ, गरम पाणी न वांग्याच्या फोडी. मंद आचेवर 15 मिनिटं, मधेमधे हलव कारण तळाला लागते. वरून मूठभर सांबार. गरम मसाला खरंच नको गं, भाजलेल्या सोल्यांचा वास त्याच्यात दबून जाते. सोबत ज्वारीची भाकर.

तिखट_भिवापुरी:
काकू रस्सा बरोबर, पण आमच्याकडे वरून लाल तिखटाची फोडणी लागतेच, त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही 🙂
शेंगा सोलायचा कंटाळा आला त्या दिवशी गोळाभात करा, सगळं घरातलंच लागते. जाड बेसनात तिखट, हळद, मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून अगदी थोड्या पाण्यात घट्ट गोळे वळायचे, भात अर्धा शिजला की वर ठेवून झाकण, मंद गॅस. ताटात गोळा कुस्करायचा न वरून हिंग-मोहरी-लसणाची कडकडीत फोडणी. तेलाचा हात इथे आखडायचा नाही, नाहीतर घास कोरडा लागते.

जवसवाली:
जवस आहे तर चटणी कराच, तडतडेपर्यंत भाजून लसूण, तिखट, मीठ टाकून कुटायची. कुटलेल्या जवसाचं तेल लवकर खवट होते, तर थोडीथोडीच करा. आणि सोले उरले तर उकळत्या पाण्यात 2 मिनिटं टाकून लगेच थंड पाण्यात काढायचे, कपड्यावर कोरडे करून फ्रीजरमधे, उन्हाळ्यातही रस्सा होते.

हिवाळी_डबा:
काकू, आजच रस्सा करते. गोळाभातासोबत कढी की चिंचेचं सार?

तिखट_भिवापुरी:
कढी. ताक आंबट पाहिजे फक्त.